सव्वा इंच आत घेतलेला क्रँक

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या आन् मग कपाला हात लावा. चहा तोंडात असताना हसलात तर ठसका लागंल, आन् खापर माझ्या डोक्यावर फुटंल. तसं ते फुटायला आता तिथं जागा न्हाई. एका सायकलीपायी माझं नाव खुटबावपास्नं मांडवगणपर्यंत झालंय. आन् ह्या फजितीत दुसऱ्या कुणाचा हात न्हाई बरं का! सगळी माझ्या हातची. घरीच बेतलेली, घरीच शिवलेली.

खुटबावात माझं शिलाईचं दुकान हाय. ब्लाऊज, ड्रेस, फॉल-पिको, सगळं. गावातल्या निम्म्या बायकांची मापं मला तोंडपाठ. बाई दारातून आत आली की टेप न लावता मला कळतं, गेल्या दिवाळीपास्नं किती सुटली ती. बोलून दाखवत न्हाई. धंदा करायचाय ना!

पण दुसऱ्यांची मापं घेता घेता माझंच माप हाताबाहेर जायला लागलं. दिवसभर मशीनवर बसून दुसरं काय होणार? मग हट्टानं सायकल घेतली. जुनीच, पण गिअरची. चाळिशी ओलांडलेली बाई पंजाबी ड्रेस घालून गिअरच्या सायकलवर! पहिल्या पहिल्यांदा लोक हातातला पेपर खाली ठेवून बघायचे. मग त्यांनाबी सवय झाली आन् मलाबी. जोडीला मंगल आली. मंगल म्हंजी आमच्या गावची आशाताई. कुणाच्या लेकराची लस राहिली, कुणाची तारीख जवळ आली, सगळं तिला ठाऊक. माझ्यापेक्षा लहान आन् स्वभावानं गरीब. आम्ही दोघी सकाळी केडगावच्या रस्त्यानं जायचो, वळून यायचो. सगळं छान चाललं होतं.

बिघडलं ते भाऊबीजेला.

माझं माहेर मांडवगण फराटा. भीमा ओलांडली की पलीकडं शिरूर तालुका, तिकडं. ओवाळून झालं, जेवणं झाली, दादा म्हणाला, "थंडी पडली की हुरड्याला यायचं बरं का. सगळ्यांनी."

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "येते की. सायकलवर येते."

शोभावहिनीच्या हातातलं ताट हाललं, एवढी ती हसली. "सायकलवर? आन् मग दवाखान्यात कुणी न्यायचं, वन्सं?"

दादा म्हणाला, "तू पारगावच्या पुलापर्यंत ये. पुढं मी पिकअप घेऊन येतो. सायकल मागं टाकू, तुला पुढं बसवू."

आबा कोपऱ्यात पान जुळवत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "तिला डिवचू नका रे. न्हाई तर खरंच येईल."

आबांनी मला बरोब्बर वळखलेलं हाय. तिथंच ठरवलं. पिकअपमधी बसणार न्हाई. पुलावर तर न्हाईच न्हाई!

पण ठरवायला काय जातं? गुडघ्यांना कोण सांगणार? केडगावच्या पुढं गेलं की दोन्ही गुडघ्यांच्या वाट्यांखाली अशी कळ यायची, जशी कुणी मशीनची सुई घालून फिरवतंय. मी तेल चोळलं, मिठानं शेकलं, मंगलनं आणलेली मलमाची नळी पिळून पिळून संपवली. काही फरक न्हाई. घरी आले की जिना चढताना मी देवाचं नाव घ्यायचे, आन् उतरताना देवाला शिव्या.

आन् मग मला तो व्हिडिओ दिसला.

त्यातला माणूस सांगत होता, गुडघे दुखत्यात त्यांनी क्रँक बघावा. क्रँक म्हंजी काय, तर पायडल ज्या दांड्याला बसवलेलं असतं ना, तो दांडा. माणूस बुटका आन् दांडा लांब असला की दर फेऱ्याला गुडघा पार छातीशी येतो, मग दुखणार न्हाई तर काय? म्हणून प्रत्येकाच्या पायाच्या मापाचा क्रँक पाहिजे.

मापाचा! हा शब्द ऐकला आन् मी उठून उभीच राहिले. अहो, हे तर आपलंच खातं! उंच बाईचा ब्लाऊज बुटक्या बाईला घातला तर काखेत काचणारच की. एवढी साधी गोष्ट मला सुचू नये?

व्हिडिओ पुढं चालूच होता. कसं मोजायचं ते तो सांगायला लागला, तवा मी बंद करून टाकला. मला मोजायला शिकवतो व्हय!

आधी स्वतःचा पाय मोजला, सलवारीला मोजत्यात तसा. त्यावर व्हिडिओत आधी सांगितलेलं गणित केलं. मला पाहिजे दीडशे मिलिमीटरच्या आसपास. मग टेप घेऊन सायकलीजवळ उकिडवी बसले आन् क्रँकला टेप लावला. ह्या टोकापास्नं त्या टोकापर्यंत, एकदम ताणून. जवळजवळ आठ इंच! म्हंजी दोनशे मिलिमीटर!

मी तिथंच बसले. दोन इंच मोठा! दोन इंचांत, सांगते तुम्हाला, बाईचं लग्न मोडतं. आन् मी हे असलं ढगळं घेऊन रोज केडगावला जात होते!

मंगलनं शिरूरच्या एका सायकलच्या दुकानाचा नंबर काढून दिला. मी मशीन बंद केलं आन् फोन लावला.

"भाऊ, मला क्रँक बदलायचाय. छोटा पाहिजे."

"आत्ता कितीचा हाय, ताई?"

"दोनशेचा."

पलीकडनं तो म्हणाला, "ताई, दोनशेचा क्रँक नसतो."

"नसतो कसा? माझ्यासमोर हाय!"

"न्हाई पण ताई, तसला कुणी बनवतच न्हाई. तुम्ही मोजला कसा? भोकाच्या मध्यापास्नं…"

"भाऊ," मी म्हणलं, "मी लग्नातले ब्लाऊज शिवते. माझं माप आजवर कुणी उसवलं न्हाई. तुम्ही फक्त तुमच्याकडं कुठला हाय ते सांगा."

तो बिचारा म्हणाला, "दीडशेचा मागवावा लागंल, कवा येईल सांगता येत न्हाई. एकशे सत्तरचा आत्ता हाय."

मी मनात हिशेब घातला. दोनशेचा एकशे सत्तर. म्हंजी तीस कमी, सव्वा इंच. सव्वा इंच आत घेतला तरी अंगावर कपडा वेगळाच दिसतो!

"ठेवून द्या!" मी फोनवर ओरडलेच. "आपला क्रँक पार कामातनं गेलाय. त्याच्यापायी सगळं अडलंय. उद्याच्या उद्या बदलायचाय!"

आता इथं एक गोष्ट सांगायची राहिली. हे सगळं मी दुकानात बोलत होते, आन् समोर बाकावर भागामावशी बसली होती, पोलक्याचं माप द्यायला. मावशीला सायकलचा क्रँक ठाऊक असायचं काही कारण न्हाई. पण ऊस वाहणाऱ्या गावात ट्रॅक्टरचा क्रँक शेंबड्या पोराला ठाऊक असतो. इंजिनच्या पोटातला तो दांडा तुटला म्हंजी सगळं इंजिन उतरवायचं, आन् ऐन हंगामात ट्रॅक्टर दारात उभा!

मावशी म्हणाली, "येते गं बाई," आन् माप न देताच निघाली. मला वाटलं, घाई असंल.

घाईच होती. मावशी आधी डेअरीवर गेली.

आमचे हे त्या वक्ताला पाटसला होते, उसाच्या ट्रॉल्या घेऊन कारखान्याच्या रांगेत. तासाभरात त्यांचा फोन आला.

"अगं, आपला क्रँक तुटलाय म्हणं!"

"कुणी सांगितलं?"

"सगळं गाव सांगतंय! संपत म्हणतोय, आप्पा म्हणत्यात, सोसायटीतनं फोन आला!"

"मग तुम्ही कुठं हाय?"

"ट्रॅक्टरवर बसलोय!"

"चालू हाय का बंद?"

"चालू हाय की गं! पण लोकं सारखं फोन करून धीर द्यायला लागल्यात. मला आता आवाजबी वेगळाच वाटाय लागलाय."

"अहो, तो आपला सायकलचा…" मी म्हणाय लागले, तर फोन कट. परत लावला तर लागंना.

पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. ह्यांनी मनात संशय नको म्हणून ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरले आन् बॉनेट उघडून कान लावून बघत बसले. तेवढ्यात रांग सरकली. मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले. ह्यांनी हात वर करून सांगितलं, "क्रँकचा प्रॉब्लेम हाय!" मग काय! मागचा ट्रॅक्टर बाजूनं पुढं, त्याच्या मागचा बी पुढं. ह्यांचा क्रँक ठणठणीत, आन् नंबर पार शेवटी.

इकडं माझे दीर, संपतभावजी, दुसऱ्याचा ट्रॅक्टर आन् ही एवढी लोखंडी साखळी घेऊन दारात हजर.

"वहिनी, कुठं बंद पडलाय? वढून आणतो."

मी सायकलीकडं बोट केलं. "ही."

भावजींनी सायकलीकडं बघितलं. साखळीकडं बघितलं. साखळी परत ट्रॅक्टरवर टाकली. पण इंजिन सुरू करताना त्यांचे खांदे हालत होते.

हे घरी आले तवा अंधार पडला होता. जेवण झाल्यावर हात धुताना म्हणाले, "असा कसला क्रँक हाय तुझा, जरा दाखव तरी." मी सगळं समजावून सांगितलं, टेप लावून दाखवला. ते म्हणाले, "आठ इंच हाय खरा." बघा! म्हंजी साक्षीदारबी होता.

अशी माघार घेण्यातली मी न्हाई. दुसऱ्या दिवशी एसटीनं शिरूर गाठलं. दुकानदार म्हणाला, "ताई, जुना बरोबर आणला असता तर शेजारी धरून बघितलं असतं." मी म्हणलं, "मापाच्या माणसाला नमुना लागत न्हाई." पुडकं छातीशी धरून परत आले.

बसवलं ह्यांनीच. आमच्या शेडातल्या पाइपाला सायकल टांगली, जुना क्रँक पुलरनं वढून काढला, नवा ठोकून बसवला. मनातनं अजून पाटसच्या रांगेचा राग होता, पण हात चांगला हाय त्यांचा.

मी बसले. आन् काय सांगू! सायकल वेगळीच! पाय टेकवायला गेले तर नुसते चवडे टेकले. पहिल्यांदा घाबरले, मग उमगलं. क्रँक छोटा झाला म्हंजी सगळं वर उचललं गेलं. साहजिकच हाय! केडगाव आलं, केडगाव गेलं, आन् गुडघे? गुडघे म्हणून काही अंगाला असतात ह्याचाच मला विसर पडला!

त्या दिवसापास्नं मी बोलायची थांबले न्हाई. ब्लाऊज टाकायला आलेल्या बायकांना मी क्रँक सांगायचे. बाई म्हणायची, "बाही जरा मोठी ठेवा," मी म्हणायचे, "ते होईल, पण सव्वा इंचानं माणूस कसा बदलतो बघा." मंगलच्या सायकलीला टेप लावला. तिचाबी आठ इंच! तिलाबी एकशे सत्तरचा मागवायला लावला. बसवल्यावर इचारलं, "पडला का न्हाई फरक?"

"पडला ताई," मंगल म्हणाली. "लई पडला."

हुरड्याचा दिवस आला. सकाळी थंडीत आम्ही दोघी निघालो. केडगाव मागं टाकलं, पारगाव मागं टाकलं. उसाच्या ट्रॉल्या शेजारनं जाताना ड्रायव्हर बाहेर वाकून बघत होते. भीमेच्या पुलावर दादा खरंच पिकअप घेऊन उभा! मी घंटी वाजवली, थांबले न्हाई. मागं वळूनसुद्धा बघितलं न्हाई. तो बिचारा रिकामी पिकअप घेऊन आमच्या मागं मागं, वरातीतल्या गाडीसारखा, थेट रानापर्यंत आला.

आगटी पेटलेली, कणसं भाजून चोळायचं चाललेलं. दादाचे शेजारी, भावकी, सगळे गोळा. शोभावहिनी उठून उभी राहिली आन् म्हणाली, "वन्सं, तुम्ही खरंच आलात की हो!" तिच्या आवाजात हसू नव्हतं. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या घटकेला मी गप्प बसले असते, तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडं काही राहिलं नसतं.

पण वहिनीनं इचारलं, "गुडघ्यांचं काय केलंत?"

झालं! मी मुद्दाम पिशवीत टाकून आणलेला जुना डावा क्रँक बाहेर काढला. तेवढ्यात मोटरसायकलवरनं आमचे हेबी येऊन टेकले. मी सगळ्यांना जवळ बोलावलं. हुरडा चोळायचा थांबला. मी भाषणच सुरू केलं. क्रँक म्हंजी काय, माप म्हंजी काय, लोक आंधळेपणानं कसं काहीबी चालवत्यात. "हा जुना," मी म्हणलं, "आन् हा सायकलीवर नवा. सव्वा इंचाचा फरक डोळ्यांनी बघा!"

आन् जुना क्रँक नव्याच्या शेजारी धरला.

वरचं टोक वरच्या टोकाशी. खालचं टोक खालच्या टोकाशी. भोकाशेजारी भोक. दोरा शिरंल एवढासुद्धा फरक न्हाई.

मी जरा खाली घेतला. मग जरा वर घेतला. कुठंबी धरला तरी एका टोकाला जेवढा पुढं यायचा तेवढा दुसऱ्या टोकाला मागं जायचा. जुळी भावंडं!

"फरक कुठनं बघायचा?" एका शेजाऱ्यानं अगदी भाबडेपणानं इचारलं. त्याला वाटलं, आपणच चुकीच्या बाजूला उभे हायोत.

शोभावहिनी वाकली. जुन्या क्रँकच्या मागचं ग्रीस तिनं बोटानं पुसलं. "वन्सं, ह्याच्यावर एकशे सत्तर कोरलंय की."

तवा माझ्या कानात तो दुकानदार बोलला, भोकाच्या मध्यापास्नं! क्रँक मोजायचा तो एका भोकाच्या मध्यापास्नं दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंत. आन् मी मोजला होता शिवणीच्या मार्जिनसकट!

"मग गुडघे कसे थांबले?" दादानं इचारलं.

इथं आमच्या ह्यांनी डोकं खाजवलं. "अगं, सायकल टांगताना मी सीट चांगली वर वढून आवळली होती. मग खाली घ्यायची राहिली वाटतं. तू आधी पडायच्या भ्यानं पार खाली बसवली होतीस, गुडघे मुडपून मुडपून दुखणारच की."

हे एवढं मोठं शास्त्र आमच्या ह्यांच्या विसराळूपणात होतं!

मी मंगलकडं वळले. "अगं, पण तुलाबी फरक पडला ना?"

मंगल कणीस चोळत खाली बघत म्हणाली, "ताई, माझं तर आधीबी काही दुखत नव्हतं. पण तुम्ही एवढ्या खात्रीनं इचारलंत, न्हाई कसं म्हणायचं?"

मग जे हसू फुटलं, ते नदीपलीकडं ऐकू गेलं असंल. आबांना उचकी लागली. शोभावहिनी तर खाली बसूनच हसत होती, पण तिनंच पहिला गरम हुरडा माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "कशानं का होईना, आलात तर सायकलवर!"

दादाला माझी दया आली असावी. त्यानं विषय बदलायचा म्हणून सायकलीपुढं वाकून बघितलं. आमच्या घरात सगळेच बुटके, दादाबी माझ्याच उंचीचा. म्हणाला, "पोरांची गिअरची सायकल घरात पडून हाय, तिचा डावा क्रँक घासून हालतोय. हा जुना बरा दिसतोय. देऊन टाक मला, मीबी चालवीन."

आन् मी, दोन्ही क्रँक अजून काठाला काठ लावून धरलेले, सगळी भावकी डोळे पुसत समोर उभी, तरी पटकन म्हणलं,

"नको रे दादा, लांब पडंल तो तुला!"